दाराआडची साथ : प्रस्तावना

नाशिकजवळ गोदावरीकाठी जलालपूर नावाचे गाव आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथला, १८६८ सालचा. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचलेल्या कुणालाही त्यांचे माहेर विसरता येत नाही, आणि त्याचे मुख्य कारण त्यांचे वडील. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले ते पुन्हा निघालेच नाही. बाजारातला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, याला शिवायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि कुणी चुकलेच तर सगळे घर डोक्यावर घेतले जायचे. फाशी झाली ती लक्ष्मीबाईंच्या जन्माआधी. त्यांनी ना बंड पाहिले, ना आजोबा. त्यांच्या वाट्याला आला तो वडिलांचा धाक, आईची ओढाताण आणि आज घरात वादळ उठेल की नाही याचा रोजचा अंदाज.

लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या गमतीने लिहिले आहे की आपण हसत वाचतो. मार्च २०२०नंतर तीच पाने उघडली तेव्हा हसू येईना. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणारे, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणारे, बाहेरून आलेल्या माणसाला दारातच कपडे काढायला लावणारे आपणच होतो. आपल्या बाजूने एवढेच म्हणता येईल की आपला विषाणू खरा होता. पण तीन वर्षांच्या मुलाला हा फरक कुठून कळावा? त्याला दिसले ते एवढेच, की कालपर्यंत उचलून घेणारे बाबा आज ‘लांब हो’ म्हणून ओरडतात.

या पुस्तकाचा विषय तिथे सुरू होतो. मोठ्यांना साथ आकड्यांतून कळली: आज किती सापडले, किती गेले, खाटा किती उरल्या. सहा वर्षांखालच्या मुलाला आकडे कळत नाहीत. त्याला घर कळते. स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज आज नेहमीचा आहे की आदळल्यासारखा, हे त्याला शब्द फुटण्याआधीपासून कळते. म्हणून त्या दोन वर्षांत मुले कशी वागली याचा शोध घ्यायचा तर आधी त्यांच्या घरांचे काय झाले हे पाहावे लागते. हा क्रम मी मुद्दाम धरला आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा तो उलटा असतो. मूल त्रास देते म्हणून मुलाला डॉक्टरांकडे नेले जाते, आणि घर बाहेर बाकावर बसून राहते.

एवढ्या लहान वयाची मुले का निवडली, असे कुणी विचारील. दहावी-बारावीच्या परीक्षा होणार की नाही यावर त्या काळात रोज बातम्या होत्या, मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा होत्या. बालवाडीला परीक्षा नाही, निकाल नाही, त्यामुळे मथळाही नाही. अंगणवाड्या आणि बालवाड्या मार्च २०२०च्या मध्यास बंद झाल्या. राज्यात पूर्वप्राथमिक वर्ग उघडायला परवानगी मिळाली ती २४ जानेवारी २०२२ला. हा काळ जवळजवळ बावीस महिन्यांचा. चार वर्षांच्या मुलासाठी ते त्याच्या आयुष्यापैकी सुमारे निम्मे होते.

आता घरांकडे, म्हणजे नाशिकच्या घरांकडे वळू. ‘टाळेबंदीत घराघरांत ताण होता’ असे एका वाक्यात म्हणून मोकळे होता येते, पण ते खरे नाही. घर तसा ताण.

२२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देश बंद. निफाड-दिंडोरीच्या बागांत त्या वेळी द्राक्षाचा हंगाम भरात होता. माल वेलीवर, आणि व्यापारी फिरकेना. ठरलेले सौदे मोडले. कुणी मिळेल त्या भावाला माल दिला, कुणी बेदाण्याला घातला. मार्च सरता सरता जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला तो लासलगाव परिसरात, म्हणजे कांद्याच्या पेठेच्या उंबऱ्यावर, आणि तेही उन्हाळ कांदा काढणीला आला असताना. पुढे १४ सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा चाळीत साठवलेल्या कांद्याचे गणितही बिघडले. अशा बागायतदाराच्या घरातले मूल उपाशी नव्हते. त्याला अंगण होते, गोठा होता, चुलत भावंडे होती. शहरातल्या मुलाला हेवा वाटावा असे सगळे होते. पण वडिलांचा फोन वाजला की घर गप्प व्हायचे आणि फोन ठेवल्यावर वडील कसे दिसतात यावर सगळ्यांची संध्याकाळ ठरायची.

त्याच बागांत पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेली आदिवासी कुटुंबे होती. यांची तान्ही मुले बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत वाढतात. काम थांबले, वाहने थांबली, आणि ही माणसे मिळेल त्या वाटेने डोंगर चढून घरी गेली. त्यांच्या मुलांच्या वागण्याबद्दल कुणी कुणाला काही विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मालेगावात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साथ उसळली. यंत्रमाग बंद पडले. जिथे माणसे पाळीपाळीने कामाला जातात तिथे एक खोली पुरते, कारण सगळे कधी एका वेळी घरी नसतात. माग थांबल्यावर ते सगळे एका वेळी घरी आले, आणि त्यांच्या पायांत खेळणाऱ्या मुलाला ‘बाहेर जाऊन खेळ’ म्हणायची सोयही उरली नाही. सातपूर-अंबडच्या वसाहतींत कारखाने बंद होते, आणि कंत्राटी कामगाराला उद्या बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नव्हती. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज काही थांबले नाही. नाशिकरोडचा नोटांचा छापखानासुद्धा काही दिवस थांबला होता. मग बाकीच्यांच्या खिशाबद्दल काय बोलावे!

मुंबई-आग्रा महामार्गावर वेगळेच चित्र होते. कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून माणसांच्या रांगा उत्तरेकडे चालल्या होत्या, आणि त्या रांगांत खांद्यावर, काखेत, सामानावर बसवलेली मुले होती. १ मे २०२०च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे श्रमिक विशेष गाडी सुटली, दुसऱ्या दिवशी लखनौकडे. या मुलांनी आपल्या बापाला पोलिसापुढे हात जोडताना पाहिले. मुलाच्या लेखी बाप हा जगातला सर्वांत बळकट माणूस असतो. त्याला असे वाकलेले पाहणे हा मुलासाठी उपासमारीइतकाच मोठा अनुभव असतो, असे मला वाटते.

आणि परिचारिका, पोलीस, सफाई कामगार, आशा व अंगणवाडी सेविका यांची घरे? त्या घरांत आई कामावरून आली की मूल धावत सुटायचे आणि कुणीतरी त्याला मधेच धरायचे. आंघोळ होईपर्यंत शिवायचे नाही. १५ सप्टेंबर २०२०पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा याच बाया दारोदार ताप आणि प्राणवायू मोजत फिरल्या. त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाची जबाबदारी त्या वेळात कुणी घेतली, याची नोंद कुठे नाही.

आता मुले. लंगोट सुटलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले. हाताने जेवणारी मुलगी ‘भरव’ म्हणून हटून बसू लागली. आई मोरीत गेली तरी दाराशी बसून रडणे, रात्री दचकून उठणे, अंगठा तोंडात जाणे, बोलता बोलता अडखळणे. धाकट्याला ढकलणे, चावणे, हातातले फेकणे. चीनच्या शान्शी प्रांतात फेब्रुवारी २०२०मध्ये, म्हणजे आपल्याकडे साथ अजून बातमीच होती तेव्हा, ३२० मुलांच्या पालकांना विचारून एक पाहणी झाली होती. चिकटून राहणे, लक्ष न लागणे आणि चिडचिड ही लक्षणे तिच्यात सर्वांत ठळक होती, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांत चिकटून राहणे व घरच्यांना रोग होईल ही भीती मोठ्या मुलांपेक्षा अधिक दिसली. शान्शीचे मूल आणि नाशिकच्या सिडकोतले मूल यांची भाषा एक नाही, जेवण एक नाही. भीती मात्र दोघांनी एकाच रीतीने दाखवली.

यातले बरेचसे काही काळापुरते असते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर हे पान वाचून एखादी आई आज रात्री झोपायची नाही. घरात दुसरे बाळ आले की पहिले मूल पुन्हा बोबडे बोलू लागते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. संकटात मूल एक पायरी खाली उतरते, जिथे पूर्वी सुरक्षित वाटले होते तिथे जाऊन बसते, आणि धोका टळला की वर येते. दोन वर्षांच्या मुलाचा हट्ट हा तर साथ असो नसो, असतोच. काळजी करावी ती उतरलेले मूल महिनोन्‌महिने वर येत नाही तेव्हा, किंवा ते खाणे-झोपणे-खेळणेच सोडते तेव्हा. आणि २०२०च्या साथीची अडचण नेमकी हीच होती की धोका टळल्याची खूण कुणी देत नव्हते. पहिली लाट ओसरते न ओसरते तोच दुसरी आली.

मला स्वतःला त्रास देणाऱ्या मुलांपेक्षा दुसऱ्याच एका जातीच्या मुलांची चिंता अधिक वाटते, आणि या पुस्तकातला एक मोठा भाग त्यांनाच दिला आहे. ही एकाएकी शहाणी झालेली मुले. काही मागत नाहीत, रडत नाहीत, आईचे डोळे भरले की पाणी आणून देतात. ‘आमच्याकडे काही त्रासच नाही, इतका गुणी आहे’ असे त्यांच्याबद्दल कौतुकाने सांगितले जाते. चार वर्षांच्या मुलाने गुणी असावे असे काही नसते. घरात आपल्याला जागा उरलेली नाही असे ठरवून त्याने स्वतःला घडी घालून ठेवलेले असते. आदळआपट करणारे मूल निदान कुणीतरी ऐकेल या आशेवर असते.

खेळाबद्दलही थोडे. भातुकलीत त्या काळात बाहुल्यांना मास्क लागले, त्यांचे विलगीकरण झाले, एखादी बाहुली मेलीही. ‘अभद्र खेळू नको’ म्हणून घरोघर हे खेळ मोडले गेले. ते मोडायला नको होते. मुलाजवळ घडलेली गोष्ट सांगायला तेवढीच एक भाषा असते, आणि बाहुली दहा वेळा मेली तरी अकराव्यांदा उठून बसते हा त्याचा स्वतःचा उपचार असतो.

घर आणि मूल यांच्यातला हा धागा कुणी शास्त्रशुद्ध रीतीने तपासला आहे का? आहे, आणि साथीच्या कितीतरी आधी. लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम हॅम्पस्टेडमध्ये लहान मुलांसाठी पाळणाघरे चालवत होत्या. १९४३ साली त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांना दिसले ते असे: आई जवळ असेल आणि ती सावरलेली असेल, तर लहान मूल बाँबहल्लाही बऱ्यापैकी सोसते. सुरक्षित खेड्यात पाठवलेले, पण आईपासून तुटलेले मूल अधिक कोलमडते. बाँबपेक्षा आईचा चेहरा मोठा, असे हे जरा अविश्वसनीय निरीक्षण.

दुसरा धागा पैशाचा. अमेरिकेत १९२९नंतरच्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा मागोवा ग्लेन एल्डर यांनी घेतला. त्यांचे पुस्तक १९७४ साली आले. घरचे उत्पन्न घटले तेव्हा मुलांना सर्वांत अधिक बाधले ते उत्पन्न घटणे नव्हे. बाप चिडका आणि लहरी झाला, कशावर कधी फुटेल याचा नेम उरला नाही, ते बाधले. मंदी आली तेव्हा जी मुले वयाने लहान होती, विशेषतः मुलगे, त्यांच्यावर घाव अधिक खोल गेला. पुढे आयोवातल्या शेतकऱ्यांवर १९८०च्या दशकात कर्जाचे संकट कोसळले, तेव्हा रँड काँगर आणि एल्डर यांनी तिथल्या शेकडो कुटुंबांत हीच साखळी पुन्हा पाहिली: कर्ज, त्यातून आईबापांची खिन्नता, त्यातून नवराबायकोची भांडणे आणि मुलांशी खडूसपणा, आणि मग मुलाचे वागणे. ती मुले किशोरवयीन होती हे खरे, म्हणून तो निष्कर्ष बालवाडीच्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण भाव पडलेल्या पिकाचा शेतकरी, बँकेचा तगादा, आणि संध्याकाळी घरात उडणारे खटके हे वर्णन निफाडच्या माणसाला परदेशी वाटणार नाही.

साथ आल्यावर ही साखळी लहान मुलांच्या घरांत जवळजवळ आठवड्याच्या हिशेबाने दिसली. अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात फिलिप फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०२०पासून लहान मुलांच्या पालकांना वारंवार प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरभाडे, किराणा, औषध यांची ओढाताण झाली की काही दिवसांनी पालकाचे मन ढासळते, आणि त्यानंतर काही दिवसांनी मुलाचे. म्हणजे आज जे मूल जमिनीवर लोळण घेते आहे, त्याच्या लोळण घेण्याचे कारण कदाचित मागच्या महिन्याच्या पगारात आहे. याच पाहणीतला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या पालकांना मन मोकळे करायला, हातभार लावायला कुणीतरी होते, त्यांच्या घरी हा धक्का मुलापर्यंत पोचताना सौम्य झाला.

पैशाची ददात नसलेल्या घरांचे काय? गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आई आणि बाबा दोघेही दिवसभर घरात होते, कधी नव्हे ते, आणि दोघेही पडद्यापुढे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. आईने बाळाशी नेहमीसारखे खेळायचे, आणि मग एकदम चेहरा कोरा करून फक्त बघत राहायचे. बाळ आधी हसून पाहते, मग बोट दाखवते, आवाज काढते, आणि काही वेळातच तोंड फिरवून कोमेजते. दोन-तीन मिनिटांत आई पुन्हा हसते आणि बाळ सावरते. प्रयोगात ते सोपे होते. २०२०मध्ये कोरे चेहरे मिनिटांवर संपत नव्हते. घरात असून नसलेला माणूस मुलाला बाहेर गेलेल्या माणसापेक्षा अवघड जातो, कारण गेलेला निदान परत येतो.

आता ‘मोबाईलने मुले बिघडली’ या लाडक्या निदानाकडे येऊ. मोबाईलचे गोडवे मला गायचे नाहीत. पण दोन खोल्यांच्या घरात आजोबा खोकत आहेत, बाबा दारू उतरत नाही म्हणून झोपले आहेत, आई पंधरा जणांचे धुणे वाळत घालते आहे आणि बाहेर पोलीस आहे, अशा वेळी मुलाच्या हातात मोबाईल देणारी आई चूक करत होती असे म्हणायला मी तयार नाही. ती तेवढ्यापुरते घर वाचवत होती. मोबाईलवर सगळे खापर फोडण्यात मोठ्यांची सोय आहे. त्यात मग आपल्या आवाजाबद्दल, हाताबद्दल, बाटलीबद्दल बोलावे लागत नाही. मे २०२०मध्ये दारूची दुकाने उघडली तेव्हा लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या, त्यांवर विनोदही झाले. त्या रांगांचे दुसरे टोक कुठल्या तरी घरात होते. टाळेबंदीच्या सुरुवातीला, २० ते ३१ मार्च या दिवसांत, चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर देशभरातून मारहाण आणि छळापासून संरक्षण मागणारे ९२ हजारांहून अधिक फोन आले होते. फोन करता येणारे हे एवढे. तीन वर्षांच्या मुलाला क्रमांक फिरवता येत नाही.

याहून चीड आणणारा उपदेश म्हणजे ‘आईने शांत राहावे’. ॲना फ्रॉइडचे निरीक्षण वर सांगितले तेव्हाच मला धाकधूक होती की त्याचा अर्थ असा काढला जाईल. सावरलेली आई ही काही तिच्या एकटीच्या मनोनिग्रहातून तयार होत नाही. तिला झोप लागते, रेशन लागते, शौचालयात पाच मिनिटे एकटे बसता येणे लागते. ‘जरा माझ्याकडे दे त्याला’ म्हणणारे एक माणूस लागते. ताण उतरवायचा तर तो घरात कुठून शिरला ते दार आधी शोधावे लागते. मुलाच्या वागण्यावरचा पहिला उपचार कित्येक घरांत बापाची मजुरी पुन्हा सुरू होणे हा होता, आणि ते कुठल्याही समुपदेशकाच्या हातात नव्हते. समुपदेशनाचे मोल मी कमी लेखत नाही. पण भाकरीच्या जागी ते वाढता येत नाही.

एकत्र कुटुंबाचे गोडवेही त्या काळात फार गायले गेले. खरे आहे, जिथे काका-आत्या-आजी होत्या तिथे मुलाला पळून जायला दुसरी मांडी होती. पण याच घरांत एक वेगळी गोष्ट घडली. ‘आजीजवळ जाऊ नकोस, तुझ्यामुळे आजीला होईल’ असे मुलांना बजावले गेले. हेतू चांगला होता, वैद्यकीय सल्लाही तसाच होता. मात्र चार-पाच वर्षांच्या मुलाचा एक पक्का समज असतो की जगात जे घडते ते आपल्यामुळे घडते. मग आजी खरेच आजारी पडली, रुग्णवाहिकेतून गेली आणि परत आली नाही, तर त्या मुलाने आपल्या त्या एका चोरून मारलेल्या मिठीचा काय अर्थ लावला असेल?

२०२१च्या एप्रिलमध्ये नाशिकने जे पाहिले ते इथे नोंदवायला हवे. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २२ रुग्णांचा जीव त्याच दिवशी गेला. हे एका दिवसाचे, एका रुग्णालयाचे. त्या आठवड्यांत शहरातल्या कितीतरी घरांत मृत्यू असा आला की देह घरी आला नाही, माणसे जमली नाहीत, रडणेही फोनवरच झाले. ज्या रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, त्या गावातल्या माणसांना आपल्या माणसाचे दिवस चार लोकांत करता येईनात. मोठ्यांचे दुःख अर्धवट राहिले, आणि मुलांना तर कुणी काही सांगितलेच नाही. ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितलेले मूल महिनोन्‌महिने दाराकडे पाहते. आईने भाजीला जायचे म्हटले तरी तिला सोडत नाही, कारण गेलेला माणूस येत नाही हे त्याने पाहिले आहे. लहान मुलाला मृत्यू सांगता येतो. साध्या शब्दांत, खोटे न बोलता, आणि ‘हे तुझ्यामुळे झाले नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून. त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

आईबाप दोघेही गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने ५ लाखांची ठेव ठेवली, केंद्राने वेगळी योजना आणली, विधवांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू झाले. हे योग्यच झाले. पण ज्या मुलाचा बाप जिवंत आहे आणि फक्त पूर्वीचा उरलेला नाही, त्याला कुठल्या योजनेत बसवायचे याचे उत्तर आपल्याकडे अजून नाही. अशी मुले संख्येने कितीतरी जास्त आहेत.

मला दिसलेला आशेचा भाग फार साधा आहे. अंगणवाडी बंद असताना सेविका शिधा घेऊन दारात यायच्या, आणि त्यांच्यातल्या कित्येकजणी पिशवी देऊन निघून जात नसत. मुलाला नावाने हाक मारायची, ‘काय रे, दात पडला का?’ विचारायचे, आईला ‘तू जेवलीस का’ विचारायचे. ऑरेगनच्या पाहणीत ज्याला आधार म्हटले आहे तो आपल्याकडे असा दिसतो. त्यासाठी त्यांना मानधन किती मिळते हे लिहायला घेतले तर प्रस्तावना कडवट होईल, म्हणून थांबते.

पुढची प्रकरणे कुठूनही वाचली तरी चालतील. ज्यांच्या घरात आज लहान मूल आहे त्यांनी अंथरूण, झोप आणि जेवण यांवरची पाने आधी पाहावीत. फार अडचण असेल तर पुस्तक बाजूला ठेवून टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करावा, तो मोफत आहे. साथ संपली, आता हे कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी एक हिशेब करावा. २०२० साली जन्मलेली मुले पहिलीत येण्याचे वर्ष २०२६-२७ आहे. टाळेबंदीत तीन-चार वर्षांची होती ती तेव्हा चौथी-पाचवीत असतील. ही मुले वर्गात बसलेली आहेत आणि त्यांच्यातल्या काहींवर ‘हट्टी’, ‘मंद’, ‘मारकुटा’ असे शिक्के बसायलाही सुरुवात झाली आहे.

म्हणून शेवटची विनंती शिक्षकांना. असे मूल तुमच्या वर्गात असेल तर त्याच्या वहीआधी त्याच्या घराची विचारपूस करा. एकट्या आईला बोलावून जाब विचारू नका. बापालाही बोलवा, आणि तो आला तर बोलण्याची सुरुवात मुलाच्या तक्रारीने न करता त्याच्या कामाचे कसे चालले आहे इथून करा.